जुनी लेन्स, नवी लेन्स आणि नागपूरचा कूलर

मीडियम फॉरमॅटच्या, म्हणजे नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा मोठी फिल्म किंवा सेन्सर वापरणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, नादी लागलेल्या माणसाला बॉडी निवडायला फार वेळ लागत नाही. घोडं अडतं ते लेन्सपाशी. एकाच ८० मिमी फोकल लेंथच्या लेन्सचे तीन-चार अवतार समोर येतात. एक चंदेरी, पन्नास-साठ वर्षं जुनी. एक काळी, ऐंशीच्या दशकातली. एक आजची, मोटार आणि चिप असलेली, किंमत पहिलीच्या कितीतरी पट. जुना माल विकणारा म्हणतो, तशी काच आता होत नाही. नवा विकणारा म्हणतो, शंभर मेगापिक्सेलला जुनी लेन्स पुरत नाही. दोघंही अर्धं खरं बोलतात आणि दोघांनाही माल खपवायचा असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लेन्सचं वय नंतर विचारा. आधी हे बघा की तिच्या मागे फिल्म आहे की सेन्सर, आणि ती बिघडली तर उघडणार कोण. नागपुरात राहणाऱ्याला हा दुसरा प्रश्न मुंबईकरापेक्षा जास्त महागात पडतो.

थोडी मापं लागतील. या कॅमेऱ्यांच्या फिल्मच्या, म्हणजे १२० रोलच्या, पट्टीची रुंदी साधारण ६ सेंटिमीटर. त्यावर ६×६ चा कॅमेरा ५६×५६ मिमीचं चित्र उमटवतो. नेहमीच्या फुल-फ्रेम डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर ३६×२४ मिमीचा. फुजीफिल्मच्या जीएफएक्स मालिकेत, हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेत आणि पेंटॅक्स ६४५झेडमध्ये बसवलेला सेन्सर सुमारे ४४×३३ मिमीचा. म्हणजे ज्याला आपण डिजिटल मीडियम फॉरमॅट म्हणतो तो क्षेत्रफळात फुल-फ्रेमच्या पावणेदोन पटीलाही थोडा कमीच भरतो, आणि ६×६ ची फिल्म मात्र साडेतीन पटीच्या वर जाते. जुन्या लेन्स त्या मोठ्या फिल्मसाठी बनल्या होत्या. छोट्या सेन्सरवर त्यांच्या चित्राचा फक्त मधला भाग वापरला जातो. कडा बाहेर राहतात, त्यामुळे कडांचे दोषही बाहेर राहतात. पण उरलेल्या मधल्या भागाकडून आता कितीतरी जास्त बारकावा मागितला जातो. ही देवाणघेवाण पुढे वारंवार येईल.

लेन्समध्ये म्हातारं काय होतं

बर्डीवरच्या एका जुन्या कॅमेरा मेकॅनिकने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: 'काच नाही मरत जी, आतलं घड्याळ मरते.' घड्याळ म्हणजे शटर. हॅसलब्लाड ५००सी, मामिया आरबी६७ अशा कॅमेऱ्यांमध्ये शटर बॉडीत नसतं, प्रत्येक लेन्सच्या पोटात असतं. पातळ पात्यांचं, स्प्रिंगवर चालणारं, वेळ मोजायला दातेरी चाकांची साखळी असलेलं. मनगटी घड्याळाला जशी दर काही वर्षांनी साफसफाई आणि तेल लागतं तसंच यालाही लागतं. न वापरता कपाटात पडून राहिलेल्या लेन्सचं आधी बिघडतं ते हेच. १/५०० ठीक चालतं, पण १ सेकंदावर ठेवलं की खर्र आवाज मध्येच रेंगाळतो, सेकंदाचा दीड सेकंद होतो, कधी पाती उघडी राहून जातात.

काच तितकी लवकर म्हातारी होत नाही. तिच्यावरचा लेप मात्र पिढीगणिक बदलत गेला आहे, आणि जुन्या-नव्यातला सगळ्यात खरा फरक इथेच आहे. तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हॅसलब्लाडच्या ८० मिमी प्लॅनार लेन्सच्या गाजलेल्या रचनेत सात काचा पाच गटांत आहेत, म्हणजे हवा आणि काच भेटतात अशा दहा जागा. लेपच नसता तर या दहा जागा ओलांडून जेमतेम ६६ टक्के प्रकाश पोहोचला असता. झाइस या जर्मन लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची पद्धत काढली. एका थराने दर जागी नुकसान दीड टक्क्याच्या आसपास येतं आणि पलीकडे ८६ टक्के पोहोचतो. अनेक थरांच्या लेपात तेच नुकसान अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातं आणि एकूण ९५ ते ९७ टक्के प्रकाश पार होतो.

आता कोणी म्हणेल, ८६ आणि ९६ मध्ये काय असा फरक, एक्स्पोजर जरा वाढवू. पण खरी अडचण हरवलेल्या प्रकाशाची नाही, तो कुठे गेला याची आहे. परत फिरलेला प्रकाश लेन्सच्या आतच काचाकाचांमध्ये आपटत राहतो आणि शेवटी धुक्यासारखा सगळ्या चित्रावर पसरतो. सावलीतला काळा राखाडी होतो, रंग फिके पडतात. फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी सूर्य समोर घेऊन एक थर असलेल्या लेन्सने काढलेला फोटो आणि अनेक थरांच्या लेन्सने काढलेला फोटो शेजारी ठेवा. समोर उभ्या माणसाचे केस पहिल्यात धुरकट तपकिरी दिसतील, दुसऱ्यात काळे.

म्हणून जुनी लेन्स घेताना साल विचारण्याऐवजी लेप विचारावा. हॅसलब्लाडसाठीच्या झाइस लेन्सवर पुढच्या कड्यावर लाल अक्षरात 'टी' आणि तारा असेल तर ती अनेक थरांची. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात हा लेप आला, त्यामुळे हॅसलब्लाडच्या जुन्या 'सी' मालिकेतल्या आधीच्या लेन्सवर तो नाही आणि नंतरच्यांवर आहे. मामिया आरबी६७ च्या लेन्सवर नावात 'सी' अक्षर असेल तर अनेक थर, सुरुवातीच्या बिन-'सी' लेन्सवर एकच. पेंटॅक्सवर 'एसएमसी' लिहिलेलं असतं. एवढी तीन अक्षरं ओळखता आली तरी निम्मी फसवणूक टळते.

मागे फिल्म असेल तर

इथे निवड सोपी आहे आणि मी ती लवकर उरकतो. हॅसलब्लाडची ५०० ची परंपरा १९५७ मध्ये सुरू झाली आणि ती बॉडी २०१३ मध्ये बंद झाली. मामिया आरबी १९७० ची, पेंटॅक्सचा ६×७ १९६९ चा. या कॅमेऱ्यांसाठी 'नवी' लेन्स म्हणजेसुद्धा वीस-तीस वर्षांपूर्वीची. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की कुठली आवृत्ती.

नव्याने येणारे इथे फार पैसे उडवतात. ८० मिमी प्लॅनारची सी आणि सीएफ आवृत्ती काचेच्या रचनेत जवळजवळ सारखी आहे. सीएफ १९८२ ची. तिच्यात सिंक्रो-कॉम्पूरच्या जागी प्राँटर शटर आलं, फोकसचं कडं रबरी झालं, फिल्टरचं माप बे-५० वरून बे-६० झालं. सीच्या कड्यांवर शटर आणि छिद्र एकमेकांना बांधलेले असतात, एक फिरवलं की दुसरं फिरतं, सुटं करायला खिटी दाबावी लागते. सीएफमध्ये उलट, हवं तेव्हाच बांधायचं. काहींना पहिलं छळतं, मला आवडतं, उजेड तोच असेल तर हिशोब न करता छिद्र बदलता येतं. चित्रात मात्र फरक शोधूनही सापडणार नाही, दोन्हींवर तो लाल तारा असला म्हणजे झालं. खरा मुद्दा सुट्या भागांचा: सिंक्रो-कॉम्पूरच्या स्प्रिंगा आता बनत नाहीत, मेकॅनिक एका मेलेल्या लेन्समधून काढून दुसरीत घालतात. त्यामुळे फिल्मवाल्याने जमेल तर सीएफ घ्यावी, ती चांगल्या काचेसाठी म्हणून नाही, दुरुस्तीसाठी.

अपवाद वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या, लेन्सचा. ५० मिमी डिस्टॅगॉनच्या नंतरच्या आवृत्तीत जवळच्या अंतरासाठी काचेचा एक गट वेगळा सरकवता येतो. इतवारीच्या एखाद्या वाड्याचं लाकडी दार दोन मीटरवरून काढायचं असेल तर कोपऱ्यांत त्याचा फायदा खरोखर दिसतो. इथे नव्याला जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

आणि एक गोष्ट फिल्मवाले कबूल करत नाहीत. घरच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करणार असाल तर लेन्समधला सूक्ष्म फरक स्कॅनरच खाऊन टाकतो. या यंत्रांवर छापलेला आकडा आणि त्यांची प्रत्यक्ष क्षमता यांत बरंच अंतर असतं. आधी स्कॅन सुधारा, मग लेन्सचा विचार करा.

मागे सेन्सर असेल तर

इथे गोष्ट खरी गुंतागुंतीची होते.

४४×३३ च्या ५० मेगापिक्सेल सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ५.३ मायक्रॉन, १०० मेगापिक्सेलवर ३.७६. इतक्या बारीक जाळीवर लेन्सचे दोष उघडे पडतात. दीक्षाभूमीच्या पांढऱ्या घुमटासमोर बोधिवृक्षाची पानं घेऊन एफ ४ वर (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) फोटो काढा आणि पडद्यावर शंभर टक्के मोठा करा. सत्तरच्या दशकातल्या लेन्समध्ये पानांच्या कडेला जांभळी रेघ असेल, फोकसच्या मागे गेलेल्या पानांना हिरवट आणि पुढे आलेल्यांना किरमिजी छटा असेल. हा रंगदोष. वेगवेगळ्या रंगांचे किरण एकाच जागी गोळा न झाल्याने तो होतो. कडांवरची सरळ जांभळी रेघ सॉफ्टवेअरने बरीच निघते, पण फोकसच्या पुढेमागे बदलणारी हिरवी-किरमिजी छटा पिच्छा सोडत नाही. आजच्या लेन्समध्ये कमी अपस्करणाची (रंग कमी फाकवणारी) काच आणि गोलाकार नसलेल्या पृष्ठभागाच्या काचा वापरून हा दोष जवळजवळ संपवला आहे. फुजीफिल्मच्या ११० मिमी एफ २ ने तोच फोटो काढला तर पान पानासारखं हिरवं येतं, छिद्र पूर्ण उघडं असतानाही.

मग जुनी लेन्स बादच? थांबा. छिद्र एफ ११ वर न्या. प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात, आणि हा पसारा लेन्सच्या किमतीवर अवलंबून नसतो. एफ ११ ला एका बिंदूचा ठिपका सुमारे १५ मायक्रॉनचा होतो, म्हणजे १०० मेगापिक्सेलच्या चार पिक्सेलएवढा. हा ठिपका दोन लाखांच्या लेन्सलाही तेवढाच आणि पन्नास वर्षं जुन्या लेन्सलाही तेवढाच. एफ ५.६ ला तो साडेसात मायक्रॉनचा असतो, तिथे चांगली लेन्स आपला चांगुलपणा दाखवू शकते. एफ ११ ला दोघींची मजल जवळजवळ एक होते. रामटेकच्या गडावरून खालचा तलाव आणि मागची टेकडी दोन्ही स्पष्ट हवीत म्हणून तुम्ही कायम ट्रायपॉडवर एफ ११ नेच काढत असाल, तर नव्या लेन्सच्या एफ २ साठी मोजलेले पैसे बॅगेतच पडून राहतील.

याउलट कोणी एफ २.८ वर उभ्या माणसाचे डोळे टिपणारा असेल, तर त्याला नव्या लेन्सचा फरक पहिल्या दिवशी दिसेल. फोकस हेही कारण आहेच. शंभर मेगापिक्सेलवर उघड्या छिद्राने हाताने फोकस करायचा म्हणजे दृश्य मोठं करून पापणीवर टेकवायचा, आणि तोवर समोरचा माणूस पाव इंच हलतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत 'घेऊन जा गे मारबत' च्या गजरात गर्दी तुमच्या अंगावर येत असताना हे जमवून दाखवा! तिथे ऑटोफोकस हवा, नाहीतर जुन्या पद्धतीने एफ ८, अंतर आधीच लावलेलं, आणि देवावर हवाला.

दुसरा फरक रुंदीचा. ८० मिमी ही ६×६ वर सर्वसाधारण लेन्स, पण ४४×३३ वर ती फुल-फ्रेमच्या ६३ मिमीसारखी वागते, किंचित टेलि, म्हणजे दूरचं जवळ आणणारी. ५० मिमी डिस्टॅगॉन फिल्मवर झकास वाइड होती, सेन्सरवर ४० मिमीसारखी, म्हणजे ना वाइड ना टेलि. फिल्मच्या जमान्यात कॅमेऱ्यात दृश्य दाखवणाऱ्या आरशाला जागा सोडून वाइड लेन्स बनवणं कठीण होतं, म्हणून त्या अवजड आणि महाग होत्या. आरसा गेल्यावर लेन्स सेन्सरच्या जवळ आली, आणि वाइड रचना एकदम सोप्या झाल्या. सीताबर्डीच्या अरुंद गल्लीत इमारती काढायच्या असतील तर वाइड नवीच घ्यावी. जुन्यातून १०० मिमीच्या पुढच्या लेन्स घ्याव्यात, तिथे फरक सगळ्यात कमी आणि किंमत सगळ्यात सौम्य. १५० मिमी सोन्नार आजही कोणाला लाज वाटावी अशी लेन्स नाही.

जुनी लेन्स नव्या बॉडीला लावायला अॅडॅप्टर लागतो. हॅसलब्लाड व्ही, म्हणजे ५०० च्या परंपरेतल्या कॅमेऱ्यांत लेन्स बॉडीला टेकते ती कड फिल्मपासून ७४.९ मिमी दूर असते, जीएफएक्समध्ये ती सेन्सरपासून २६.७ मिमी. मधले ४८.२ मिमी भरायला आतून पोकळ नळी पुरते, काच लागत नाही. पण नळी आतून चकचकीत असेल तर लेन्सचा उत्तम लेप वाया जातो, आणि ती किंचित तिरपी बसली तर चित्राची एक बाजू कायम मऊ येते. लोक लेन्सला दोष देतात, दोष पाचशे-हजार रुपये वाचवलेल्या नळीचा असतो. बॉडीत स्थिरीकरण असेल तर मेनूमध्ये जाऊन लेन्सची फोकल लेंथ हाताने भरावी लागते. साधी गोष्ट, पण बरेच जण विसरतात आणि मग हात हलल्याची तक्रार करतात.

अॅडॅप्टरवर आणखी एक मजा होते. व्ही लेन्सचं ते घड्याळी शटर वापरातच येत नाही. लेन्स कॉक केली, म्हणजे शटरची स्प्रिंग ताणून ठेवली, की पाती उघडी राहतात आणि काम बॉडीचं शटर करतं. म्हणजे फ्लॅशचा मोठा फायदा गेला. मूळ बॉडीवर ही लेन्स १/५०० पर्यंत फ्लॅशशी जुळते, जीएफएक्सचं पडद्याचं शटर १/१२५ लाच थांबतं. लग्नाच्या हंगामात भर दुपारी मंडपाबाहेर नवरा-नवरीवर फ्लॅश मारून मागचं आभाळ निळं ठेवायचं असेल तर हा दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट वेगाचा, फरक म्हणजे काम होणं आणि न होणं. त्यावर उपाय आहेत: हॅसलब्लाडचा डिजिटल बॅक, म्हणजे फिल्मच्या जागी बसणारा सेन्सरचा डबा, जुन्या ५०० बॉडीवरच लावायचा, म्हणजे शटर पुन्हा कामाला येतं. किंवा एक्स मालिकेच्या नव्या लेन्स घ्यायच्या, त्यांच्या पोटात आजही शटर असतं आणि ते १/२००० पर्यंत, अलीकडच्या काहींमध्ये १/४००० पर्यंत जुळतं. किंवा २००२ मध्ये सुरू झालेल्या हॅसलब्लाड एच मालिकेच्या लेन्स फुजीफिल्मच्या स्वतःच्या एच अॅडॅप्टरने जीएफएक्सवर लावायच्या, तिथे लेन्समधलं शटर चालतं.

चेहरे आणि ऊन

'जुन्या लेन्सला व्यक्तिमत्त्व असतं' हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत, पण त्यामागे एक ठोस कारण आहे. जुन्या रचनांमध्ये उघड्या छिद्रावर गोलीय दोष (कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळणं) थोडा शिल्लक असे. त्यामुळे तीक्ष्ण चित्रावर एक मंद झाक पसरते आणि मागचा धूसर भाग मऊ वितळतो. सत्तरीतल्या आजीचा चेहरा काढताना नवी लेन्स त्वचेवरचं प्रत्येक रंध्र आणि प्रत्येक डाग इमानाने मोजून दाखवते, आणि आजी फोटो बघून गप्प होतात. जुनी लेन्स तेच जरा सांभाळून घेते. हे सॉफ्टवेअरनेही होतं, असा युक्तिवाद आहे. होतं, पण झाक फोकसच्या अंतराप्रमाणे बदलायला हवी, आणि ते हाताने करत बसणं हे ज्याच्याकडे रिकामा वेळ आहे त्याने करावं.

मे महिन्यात नागपूरच्या उन्हाची एक वेगळी बाजू आहे. दुपारी बाराला झाडाखालची सावली आणि रस्ता यांत इतका फरक असतो की फिल्मला दोन्ही पकडणं जड जातं. कृष्णधवल फिल्मवर एक थराची जुनी लेन्स इथे कामाला येते. तिचा आतला विखुरलेला प्रकाश सावल्यांना थोडा उजेड देतो, म्हणून सावलीत बसलेल्या संत्रेवाल्याचा चेहरा काळा पडत नाही. डिजिटलवर या गुणाला फारसा अर्थ नाही. आजचा सेन्सर सावल्या नंतर उचलू देतो, मग आधीच पांढरं धुकं कशाला पसरवायचं? हूड, म्हणजे लेन्सपुढे लावायचं सावलीचं कडं, मात्र दोन्हीकडे हवा. जुनी लेन्स बिनहूडची वापरणाऱ्याने तिच्या कॉन्ट्रास्टविषयी बोलू नये.

उन्हाचा अजून एक उपयोग. पेंटॅक्स ६×७ ची सुरुवातीची १०५ मिमी एफ २.४ टाकुमार लेन्स थोरियम हा किरणोत्सर्गी धातू मिसळलेल्या काचेची असते. त्यातली काच काळाच्या ओघात पिवळी पडते. फोटो काढणाऱ्याने घाबरावं इतका किरणोत्सर्ग नाही, मात्र ती काच घासू-फोडू नये. अतिनील प्रकाश मिळाला की पिवळेपणा उतरत जातो. आपल्याकडे अतिनीलाची कमी नाही, पण मेमध्ये गच्चीवर लेन्स ठेवलीत तर पिवळेपणासोबत फोकसच्या कड्यातलं ग्रीसही पातळ होऊन पात्यांवर येईल. शिवाय लेन्स म्हणजे भिंगच, तिने खालचं वर्तमानपत्र पेटवलं तर दोष उन्हाचा नाही. छोटा अतिनील दिवा लावून घरातच काही दिवस ठेवावी.

कोण उघडणार

लोकांना वाटतं, जितकी जुनी तितका धोका जास्त. माझ्या मते धोक्याची रेघ अशी सरळ जात नाही. पूर्ण यांत्रिक जुनी लेन्स उघडून साफ करणारा हात मिळू शकतो. आजची लेन्स कंपनीचं सेवाकेंद्र उघडतं, जोवर कंपनी तिचे भाग पुरवते. सगळ्यात अवघड मधली पिढी: लेन्समध्ये इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि ते बनवणारी मालिका बंद झाली आहे. कॉन्टॅक्स ६४५ हे याचं ठळक उदाहरण. १९९९ मध्ये आला, २००५ मध्ये बंद. त्याच्यासाठीची झाइस ८० मिमी एफ २ फार देखणं चित्र देते, पण तिचं छिद्रसुद्धा विजेवर उघडतं-मिटतं. आतलं सर्किट गेलं की मेकॅनिक हात जोडतो. साध्या नळीवर ती चालतच नाही, तिला महागडा इलेक्ट्रॉनिक अॅडॅप्टर लागतो. ब्रॉनिकाच्या लेन्समधली विजेवर चालणारी शटर्सही याच गटात, फरक एवढाच की त्या स्वस्त मिळतात, म्हणून एक बिघडली तर दुसरी घेता येते.

यापेक्षा साधं काही हवं असेल तर मामिया ६४५ किंवा पेंटॅक्स ६४५ च्या हाताने फोकस करायच्या लेन्स बघा. बहुतेकांमध्ये शटर नाही, वीज नाही, फक्त काच आणि सरकणारी नळी. बिघडायला फारसं काही नाहीच.

आता बुरशी. पावसाळ्यात सगळीकडेच भीती असते, पण नागपूरकर उन्हाळ्यात बेसावध राहतो. बाहेरची हवा खडखडीत कोरडी असते, म्हणून लेन्सला काही होत नाही असा समज. मात्र त्याच महिन्यांत घरात दिवसरात्र कूलर सुरू असतो, वाळ्याच्या टट्ट्यांतून ओलावा खोलीत भरत असतो, आणि कॅमेऱ्याची बॅग त्याच खोलीत कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते. एप्रिल ते सप्टेंबर असा सलग ओलावा मिळाला की बुरशीला आणखी काही नको. साधा आर्द्रतामापक पाचशे रुपयांच्या आत मिळतो, तो बॅगेतच ठेवा. ४० ते ५० टक्के चांगलं, ६५ च्या वर जाऊ देऊ नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल एवढं पुरतं, फक्त जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करावं लागतं. आणि लेन्स चामड्याच्या जुन्या खोक्यात ठेवू नका, कितीही देखणं असलं तरी. चामडं आणि कापूस ओल धरून ठेवतात.

हातात घेतल्यावर

जुनी लेन्स समोर आली की मोबाइलचा टॉर्च काढा. छिद्र पूर्ण उघडून, शटरवाली लेन्स असेल तर ती उघडी धरून, मागून तिरका प्रकाश टाका आणि पुढून बघा. समोरासमोर बघितलं तर काहीच दिसत नाही, तिरकसच बघायचं. धुळीचे कण दिसतील, त्यांचं काही नाही. कडेपासून आत येणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. नुकती लागलेली पुसून निघते, पण बुरशी आम्ल सोडते आणि जुनी झाली की काचेवर तिचा ठसा कायमचा राहतो. सगळीकडे सारखं पसरलेलं दुधाळ धुकं असेल तर ते बहुधा उडालेलं ग्रीस, साफ होऊ शकतं. कडेला इंद्रधनुष्यासारखी चंद्रकोर दिसली तर दोन काचा चिकटवणारा डिंक सुटत चालला आहे, ती लेन्स खाली ठेवा. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चित्रात सहसा दिसत नाही, भाव पाडायला मात्र फार उपयोगी. मागच्या काचेवरचा ओरखडा वेगळा, तो चालवून घेऊ नका.

नंतर शटर. १ सेकंद, १/२, १/४ असं एकेक लावून मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा आणि नंतर आवाजाच्या आलेखावर दोन टोकांमधलं अंतर मोजा. कानाने १ आणि १.३ सेकंदातला फरक खात्रीने सांगता येत नाही, आलेखावर लगेच कळतो. पात्यांवर तेलाची चमक आहे का बघा. हॅसलब्लाडची लेन्स काढताना आणि बसवताना बॉडी आणि लेन्स दोन्ही कॉक केलेल्या हव्यात, नाहीतर सगळं अडकून बसतं. विकणारा हे न करता जोर लावू लागला तर तो माल कसा वापरला असेल याचा अंदाज तिथेच येतो.

आणि समजा हळू वेगांवर शटर रेंगाळतं, पण काच आतून स्वच्छ आहे. फिल्मवाल्याने सफाईचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोलावं. नळी लावून जीएफएक्सवर वापरणाऱ्याला मात्र त्या शटरशी देणंघेणंच नाही. त्याने चेहरा जितका पाडता येईल तितका पाडावा, १ सेकंदाचा तो खर्र आवाज विकणाऱ्याला दोनदा ऐकवावा, आणि निम्म्या भावात लेन्स घेऊन निघावं.